कपाटातली जुनी लुगडी-साड्या: कात्री सगळ्यात शेवटी

हल्ली सस्टेनेबल फॅशन म्हटलं की रील्सवर एकच गोष्ट दिसते, कुणीतरी आजीची इरकल किंवा पैठणी टेबलावर पसरतं आणि पुढच्या सेकंदाला खच्चकन कात्री, मग त्याचं जॅकेट, पोटली, हेअरबँड आणि उरलेल्याचे कानातले. मला त्यातलं बरंचसं पटत नाही. जी साडी अजून वीस वर्षं नेसता येईल तिचे तुकडे करून सहा महिन्यांत कंटाळा येणारी पर्स बनवणं म्हणजे काय वाचवलं नेमकं? आपल्याकडे कापडाचा एक क्रम ठरलेला होता, आधी लुगडं म्हणून नेसायचं, विरलं की रफू, मग दंड घालायचा (विरलेला भाग काढून उरलेलं जोडायचं), मग त्यातून पोरांची झबली-कुंच्या-दुपटी, मग गोधडी, आणि गोधडीही संपली की पायपुसणं. कात्री या क्रमात बरीच मागे आहे. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, ज्यांच्याकडे घरातल्या बायकांच्या साड्यांचं एखादं कपाट किंवा ट्रंक आहे त्यांच्यासाठी.

आधी कळू द्या की हातात आहे काय

एक दिवस सगळं बाहेर काढा, चादर अंथरून त्यावर ठेवा आणि एकेक साडी उजेडासमोर धरा. खिडकीसमोर धरली की विरलेली जागा लगेच दिसते, कापड तिथे जाळीदार वाटतं. बहुतेक वेळा ती जागा मधली असते, बसल्यावर घासली जाते ती, किंवा पायाशी काठाजवळ. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड हलकंच ताणून बघा, उभं आणि आडवं दोन्हीकडे. सुती असेल तर निमूट ताणलं जातं. रेशीम जुनं झालेलं असेल आणि करकर आवाज आला किंवा घडीवरच चीर पडली तर ती साडी आता अंगावर ताण सहन करणार नाही, तिला वेगळं ठेवा, तिचं नंतर बघू.

कापड कशाचं आहे हे कळत नसेल तर फॉलच्या आतल्या बाजूचा किंवा पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा घ्या आणि चिमट्यात धरून जाळा (बेसिनवर, पंखा बंद करून, आणि प्लीज साडीपासून लांब). सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ भुरभुरीत राहते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं, प्लास्टिकचा वास आणि शेवटी कडक काळा मणी. धागा दोन्ही दिशांचा तपासा, कारण उभा सुती आणि आडवा रेशमी अशी सरमिसळ खूप असते, इरकलीतही बऱ्याचदा.

जरीचंही बघून घ्या. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. सुटा जरीचा धागा नखाने उलगडला आणि आत रेशीम निघालं, वरचा पिवळेपणा घासल्यावर खाली पांढरट चांदी दिसली तर तो ऐवज आहे. तांबूस दिसलं तर तांब्याची टेस्टेड जरी. आणि नुसती चकचकीत फिल्म नि आत पॉलिस्टर असेल तर प्लास्टिक जरी. हे बघायचं एवढ्यासाठी की अशा साड्या काळ्या पडल्या म्हणून सरळ बोहारणीला दोन स्टीलच्या डब्यांवर दिल्या जातात, आणि पुढे कुणीतरी ती जरी जाळून चांदी काढून घेतं.

धुणं

सुती लुगडी घरी धुता येतात, पण पहिलं काम म्हणजे रंग तपासणं. पांढरा रुमाल ओला करून काठाच्या एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा, रुमालाला रंग लागला तर साडी एकटीच, थंड पाण्यात, न भिजत ठेवता धुवायची आणि सावलीत वाळवायची. लाल काठ आणि फिकट अंग असेल तर जास्तच सांभाळून, कारण काठाचा रंग अंगात उतरला की मग काही खरं नाही. मीठ घातलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, सगळ्या रंगांना ते लागू होत नाही, त्यावर भरवसा ठेवू नका.

रेशमाला कपड्यांची नेहमीची पावडर चालत नाही. पावडरीत प्रथिनांचे डाग काढणारी एन्झाइम्स असू शकतात आणि रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे, म्हणजे डागासोबत साडीही थोडी थोडी खाल्ली जाते. साधं रेशीम रिठ्याच्या कोमट पाण्यात धुता येतं, रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. जरीची भारी साडी मात्र घरी पाण्यात घालूच नका, ड्रायक्लीनला द्या, तेही डाग असेल तरच, नाहीतर सावलीत तासभर वारा दिला की पुरे. काळी पडलेली जरी चिंचेने किंवा टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ येतात ते बघून सोडून द्या, मुलामा अगदी पातळ असतो, घासला की गेलाच.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीतून काढा आणि जुन्या धुतलेल्या मलमलच्या किंवा धोतराच्या कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नका, सेंट तर साडी नेसल्यावर अंगावर मारूच नका, रबरबँड लावू नका. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच घडीवर साडी फाटते. एवढं एक केलं तरी निम्म्या साड्या वाचतात, खरंच.

नऊवारी नेसत कुणी नाही, मग?

हा प्रश्न सगळ्यांचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि लगेच सल्ला मिळतो की शिवून घ्या, पॅन्टसारखी चढवता येते. कार्यक्रमात नाचायला घ्यायची असेल तर बाजारातलं साधं कापड घेऊन खुशाल शिवा, पण हातमागाची जुनी नऊवारी शिवायला देऊ नका. शिवलेली नऊवारी एकाच मापाची होते, बहिणीला होत नाही, मुलीला होत नाही, आणि परत साडी तर ती कधीच होत नाही. त्यापेक्षा नेसायला शिका, घरातल्या कुणा मावशी-आत्याकडून, पहिल्या दोन-तीन वेळा कासोटा सुटेल असं वाटत राहतं, मग बसतो हात. पातळ सुती नऊवारी असेल तर सहावारीसारखीही नेसता येते, नुसत्या निऱ्या जास्त येतात आणि आत एक वेढा जास्त घ्यायचा, परकर जरा घट्ट बांधायचा.

रफू आणि दंड

छोटं भोक असेल तर रफू. चांगला रफूवाला शोधा, जुन्या बाजारपेठांच्या गल्लीत अजून बसतात काही, आणि त्याला त्याच साडीचा धागा काढून द्या, फॉलखालून किंवा ब्लाउजपीस शिल्लक असेल तर त्यातून. बाहेरचा धागा कितीही मॅचिंग घेतला तरी उन्हात वेगळा दिसतो.

जागा मोठी विरली असेल तर दंड घालायचा. ही पद्धत आता फारशी कुणाला माहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. विरलेला पट्टा पूर्ण काढून टाकायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून पुन्हा अखंड लुगडं करायचं, बस. (हो, इथे कात्री आहेच, पण ती साडी साडीच राहावी म्हणून.) पट्टा कुठून कुठपर्यंत कापायचा हे खडूने आखू नका, रेघ तिरकी जाते. त्याऐवजी काठाजवळ छोटी चीर देऊन एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत न्या. तो जसा निघतो तशी कापडात एक बारीक सरळ रेघ उघडते, त्या रेघेवर कापायचं. मधे धागा तुटला तर तिथपर्यंत कापा आणि पुन्हा पकडा.

मग दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा, आधी दोन्हीकडचे काठ काठाशी जुळवा, अंगाचं कापड मधे थोडं कमीजास्त झालं तर चालतं पण काठ पायरीसारखा दिसला की जोड ओरडून सांगतो. खालच्या तुकड्याची कड वरच्यापेक्षा सेंटीमीटरभर जास्त ठेवायची, टीप मारायची, मग ती जास्तीची कड दुमडून दुसऱ्या कडेवर झाकून परत शिवायचं. दोन्ही बाजूंनी कापडाच्या दशा दिसत नाहीत आणि शिवण सपाट राहते. मशीनवर केलं तरी चालेल, पण विरत आलेल्या कापडाला हाताने, बारीक सुती दोऱ्याने केलेलं जास्त टिकतं, कारण कडक दोरा कापडालाच कापतो.

दंड नेसल्यावर कुठे येणार ते आधी साडी नेसून, टाचण्या लावून बघा. निऱ्यांत किंवा आतल्या वेढ्यात गेला तर कुणाला कळतही नाही. सहावारीत अर्धा मीटर कमी झाली आणि आता पुरत नाही असं झालं तर जे टोक कमरेला सगळ्यात आधी खोचतो ना, त्या टोकाला साध्या सुती कापडाचा त्याच रंगाचा तेवढाच तुकडा जोडा, तो आतच राहतो.

ब्लाउजबद्दल थोडक्यात: टेलरला सांगून शिवणीत भरपूर माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) ठेवून घ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं तरी. हल्ली घाईत ओव्हरलॉक मारून कापड छाटून टाकतात आणि मग वजन जरा वाढलं की ब्लाउज गेला.

आता कापायचंच असेल तर

ठीक आहे, अंग पार गेलंय पण काठ-पदर चांगला आहे, किंवा साडी नायलॉनसारखी आहे आणि कुणी नेसणार नाही, किंवा एकाच जागी नाही तर दहा जागी फाटलीय. अशीच साडी कापा. कुर्त्याला साधारण अडीच मीटर जातं, त्यामुळे धड साडीत दोन कुर्ते बसतात, पण जुन्या साडीत विरलेल्या जागा टाळून एकच नीट निघतो असं धरून चाला. काठ घेराला लावायचा की बाहीला हे कापायच्या आधी ठरवा, कारण काठ उभ्या दिशेने जातो, तो घेराला हवा असेल तर कुर्ता कापडावर आडवा मांडावा लागतो आणि पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) उंची बसते का ते बघावं लागतं. फिटिंगचं काही शिवू नका, जुनं कापड काखेत आणि पाठीवर आधी फाटतं. सैल, सरळ कट, आत मऊ सुती अस्तर, रेशीम असेल तर मशीनला बारीक, नवी सुई. बोथट सुईने धागे ओढले जातात.

लहान मुलीसाठी परकर-पोलकं शिवणार असाल तर परकराला घेराच्या वर दोन-तीन आडवे टक घालून घ्या, दिसायलाही छान दिसतात. मुलगी वाढली की एकेक टक उसवायचा, परकर खाली येतो, तीन-चार वर्षं आरामात जातात. पूर्वी हे प्रत्येक घरात होतं. खणाचा पन्हा लहान असतो म्हणून त्यात मोठ्यांचे ड्रेस ओढूनताणून बसवू नका, खण चोळीसाठीच विणला जायचा, चोळी-पोलकं आणि बाळाची कुंची यातच तो शोभतो.

पांढरी धोतरं, उपरणी, पिवळट पडलेले सुती पंचे असतील तर घरी रंगवता येतात. अर्धा किलो कापडाला तेवढीच वाळलेली डाळिंबाची साल आणि पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम तुरटी. आधी कापड धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून खळ आणि तेलकटपणा काढा, हे टाळलं तर डाग-डाग रंग येतो. साल रात्रभर भिजवून तासभर उकळा, गाळा, त्या कोमट पाण्यात कापड तासभर हलवत ठेवा, पिळून तुरटीच्या पाण्यात तासभर, आणि परत सालीच्या पाण्यात. मातकट पिवळा रंग येतो. राखाडी-हिरवट हवा असेल तर गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवून केलेलं काळं पाणी बादलीत चमचा-दोन चमचे घाला, जास्त नको, लोखंड कापडाला कमजोर करतं. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरायचं नाही, वेगळं ठेवा. हळदीचा रंग सुंदर येतो पण उन्हात उडतो, त्यामुळे नाही सांगत.

गोधडी

इथे एक गंमत आहे. गोधडीला कात्री लागतच नाही. नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी रुंद अशी चार पदरी चौघडी तयार, एका माणसाला पुरते. सहावारीच्या तीन घड्या केल्या की पावणेदोन मीटरच्या वर लांब, लहान मुलांसाठी एकदम बरोबर. आणि दहा वर्षांनी टाके उसवले तर लुगडं परत लुगडंच.

फक्त सुती घ्या. नायलॉन-पॉलिस्टर आत सरकतं, घाम शोषत नाही, आणि टाके ओढले जातात. सगळं आधी धुवून वाळवून घ्या, नाहीतर एक थर आटतो, दुसरा नाही, आणि गोधडीला पोट सुटतं. जास्त उबेसाठी घड्यांच्या आत जुनं धोतर, चादर, फाटके पंचे टाका, तुकडे असले तरी चालतील पण एकावर एक फार चढवू नका, गाठी लागतात. स्वच्छ फरशीवर पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा, मग सगळीकडे लांब लांब कच्चे टाके घाला. घाई करून हे वगळाल तर शेवटच्या कोपऱ्यात सगळं कापड गोळा होईल.

मोठी सुई, जाड सुती दोरा, आणि साधा धावदोरा. कडेपासून सुरू करायचं, चारी बाजूंनी फिरत आत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे, अधूनमधून पालथी करून बघा. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढा, पण आवळू नका, दोरा कापडावर टेकला की बास. वर कुठे भोक असेल तर तिथे रंगीत ठिगळ लावून त्यावरूनच ओळ पुढे न्या. दोघी-तिघी बसल्या तर आठ-दहा दुपारी होऊन जातं, एकटीने केलं तर पावसाळाभर चालतं, काही बिघडत नाही. हेच काम दोन थरांत, बारीक सुईने केलं की जॅकेटचं कापड होतं. बाजारात ते क्विल्टेड म्हणून केवढ्याला विकतात बघा एकदा.

रेशमी साड्या ज्या घडीवर चिरतायत, ज्या आपण वर बाजूला ठेवल्या होत्या, त्या गोधडीत घालू नका, टिकणार नाहीत. त्यांचा पदर सुती कापडावर पूर्ण टाकून, कडेने आणि मधून बारीक टाके घालून भिंतीवर लावा, उन्हापासून लांब.

नवीन घ्यायचं झालं तर

हे सगळं करूनही लग्नकार्याला नवीन घ्यावंसं वाटतं, साहजिक आहे. मग एकच घ्या आणि हातमागाची. पैठण-येवल्याच्या हातमागाच्या पैठणीची ओळख म्हणजे पदर उलटा करून बघायचा. मोर, मुनिया, आसावली, जे काही असेल ते दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच दिसतं, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने वेगळा भरून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती या पद्धतीने विणलेली नाही. ती यंत्रमागाचीच असेल असंही नाही, हातमागावर जकार्ड (नक्षी विणणारं जोडयंत्र) लावूनही विणतात, पण मग किंमतही त्या हिशोबाने हवी. अशा एका पदराला आठवडे-महिने लागतात, त्यामुळे दोन-तीन हजारात ‘प्युअर हँडलूम पैठणी’ हे गणित जमतच नाही.

इरकलीत अंग आणि पदर जिथे मिळतात ती जागा बघा. पारंपरिक इरकलीत पदराचे उभे धागे वेगळे लावून अंगाच्या धाग्यांशी फासे घालून अडकवतात, टोपपदर म्हणतो तो असाच होतो. यंत्रावरच्या नकलेत पदर सरळ पुढे चालू राहतो, जोड नसतो. विदर्भातल्या करवती काठाच्या टसरमध्ये काठ आणि अंग करवतीच्या दातांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यासाठी तीन धोटे (आडवा धागा नेणारी अवजारं) वापरतात, छापील करवत हात लावला की लगेच कळते. आणि कुठल्याही हातमागाच्या कापडाच्या दोन्ही कडांना ठराविक अंतरावर टाचणीसारखी बारीक भोकं सापडू शकतात, विणताना कापड ताणून धरायची काठी लावतात तिच्या टोकांची. दुकानदार ‘डिफेक्ट आहे, डिस्काउंट देतो’ म्हणाला तर मुकाट घ्या डिस्काउंट.

लेबलांचा घोळ फार होतो. हँडलूम मार्क २००६ पासून आहे, तो कापड हातमागाचं आहे हे सांगतो. सिल्क मार्क फक्त रेशीम खरं आहे एवढंच सांगतो, यंत्रमागाच्या साडीलाही मिळू शकतो. दुकानात दुसरा दाखवून पहिल्याचं समाधान करतात, तेवढं लक्षात ठेवा. सात ऑगस्टला, म्हणजे १९०५ मध्ये स्वदेशी चळवळ सुरू झाली त्या तारखेला, २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिवस असतो आणि त्या आठवड्यात प्रदर्शनं लागतात, विणकर स्वतः बसलेले असतात, घ्यायचीच असेल तर तिथे जा. (स्वदेशी कापडाचा आपल्याकडचा हट्ट त्याहून जुना आहे, पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले होते. आपण निदान रिसेप्शनला जाऊ शकतो.)

विणकराकडून थेट घेत असाल तर अजून एक मागून घ्या, त्याच साडीच्या अंगाचा, काठाचा आणि जरीचा हात-दोन हात सुटा धागा. मागावर उरलेला असतोच, ते देतात. कागदावर गुंडाळून साडीच्या घडीत ठेवा, रफूला लागेल तेव्हा शोधत फिरायला नको.